तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांच्या मेंडोलिनचे किती येतील?

मागच्या मार्चात अमळनेरकडचा एक तरुण मोटारसायकलवर भुसावळला माझ्या घरी आला. पाठीला जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी होतं. ओट्यावर सोडलं तर मेंडोलिन. आठातल्या पाच तारा शिल्लक, खुंट्यांना गंज, आणि पोटात कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर. पाणी प्यायच्या आधीच त्यानं विचारलं, "भाऊ, याना कितला पैसा येतीन?"

बावीस वर्षं मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवलं. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडे कुणाच्या माळ्यावर मेंडोलिन निघालं की ते फिरत फिरत माझ्या ओट्यावर येतं. निम्म्या वेळा तो बँजो निघतो, म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचा आपला बुलबुल तरंग. पण मेंडोलिन असो की बँजो, प्रश्न हाच.

उत्तर आधीच देऊन टाकतो: फार येत नाहीत. बहुतेक वेळा नव्या साध्या मेंडोलिनपेक्षाही कमीच.

लोकांनी मोबाइलवर लाखांचे आकडे पाहिलेले असतात आणि ते खोटेही नसतात. पण ते वाद्यच वेगळं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाचा कारागीर होता. व्हायोलिनसारखं लाकूड कोरून पोट आणि पाठ फुगीर करायची, हे त्यानं मेंडोलिनला लावलं. १८९८ साली त्याचं पेटंट मिळालं, १९०२ साली त्याच्या नावानं कंपनी निघाली. पुढे त्या कंपनीत लॉइड लोर हा माणूस आला. तो स्वतः मेंडोलिन वाजवणारा. १९२२ साली त्याच्या देखरेखीखाली 'एफ-५' हे मॉडेल निघालं आणि १९२४च्या अखेरीस तो कंपनी सोडून गेला. या दोन-अडीच वर्षांतल्या एफ-५ मेंडोलिनांच्या पोटात त्याच्या सहीची, तारीख घातलेली चिठ्ठी असते. लाख डॉलरच्या पुढे जातात ती ही. ती आपल्या चोपड्याच्या किंवा पारोळ्याच्या माळ्यावर कशी येणार?

तरी लोक भोकातून टॉर्च मारतात आणि मला फोन करतात, "गिब्सन लिहिलंय!" मी म्हणतो, अक्षरं एकेक करून वाचा. दर वेळी ते 'गिवसन' निघतं. कलकत्त्याची कंपनी आहे. वाद्य प्रामाणिक, आमच्या पिढीतले कितीतरी जण त्यावरच शिकले. फरक एका अक्षराचा आणि कोटीभराचा.

क्वचित इटालियन पद्धतीचं येतं, नेपल्सच्या घडणीचं. पाठ गोल, लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेली, डांगराच्या फाका पुन्हा जुळवून ठेवाव्यात तशी. दिसायला सगळ्यात देखणं आणि आपल्या हवेत सगळ्यात आधी मरणारं. मेंडोलिनच्या आठ तारा सुरात आणल्या की सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास ताण बसतो. एवढ्याशा पेटीवर एक धट्टाकट्टा माणूस कायमचा लटकलेला! लाकडाला मानवते ४० ते ५० टक्के आर्द्रता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि दुपारची हवा पापडासारखी कोरडी. पट्ट्यांचे सांधे उकलतात, पोटाला चीर जाते, मान पुढे झुकते. मग कुणीतरी सुचवतं, कूलरसमोर ठेवा. तसलं करू नका. दिवसभर कोरडं आणि रात्रभर ओलं, यानं होतं नव्हतं तेही जातं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८६च्या मे महिन्यात रावेरच्या एका लग्नात जेवायला बसताना मी माझं मेंडोलिन जीपमध्येच ठेवलं. वांग्याचं भरीत होतं, कळण्याची भाकरी होती, उठायला तास लागला. परत आलो तर सरस सैल होऊन मानेचा सांधा पुढे आलेला, तारा पडद्यांपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, बोटभर वर. एका दुरुस्तीवाल्यानं त्यात दोन स्क्रू आरपार ठोकून दिले. आवाज तेव्हापासून थोडा घोगरा झाला तो झालाच. त्याच मेंडोलिनवर मी पुढची चौदा वर्षं पोट भरलं.

जुन्या वस्तूंच्या बाजारात या दोन स्क्रूंनी माझ्या मेंडोलिनची किंमत शून्य होते. तिथं सगळा भाव 'मूळ' या शब्दाला. मूळ पॉलिश, मूळ खुंट्या, मूळ पेटी. म्हणजे ज्याला कुणी फारसा हात लावला नाही ते. पण ज्यांनी मेंडोलिनवर आयुष्य काढलं त्यांची वाद्यं पाहा. अमेरिकेत बिल मन्रो नावाचा गवई होता, ब्लूग्रास नावाच्या तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या संगीताचा जनक. चाळीसच्या दशकात त्यानं फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून दीडशे डॉलरला मेंडोलिन घेतलं. आत लोरची सही, तारीख ९ जुलै १९२३. पुढे दुरुस्ती मनासारखी झाली नाही म्हणून गड्यानं चाकूनं कंपनीचं नावच खरवडून टाकलं. १९८५ साली कुणीतरी घरात घुसून शेकोटीच्या सळईनं ते फोडलं, तर तुकडे जोडून घेतले आणि पुन्हा वाजवायला लागला. संग्राहकाच्या हिशेबानं भंगार! आज ते नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडचे यू. श्रीनिवास तर त्याहून पुढे गेले. आंध्रातल्या पालकोल्लूचे. वडिलांचं मेंडोलिन लहानपणीच हाती आलं. पण मेंडोलिनच्या तारा जोडीजोडीनं असतात आणि कर्नाटक संगीतातला गमक, म्हणजे सुराला दिलेलं आंदोलन, घ्यायला तार ओढावी लागते. दोन तारा एकदम ओढल्या की एकमेकींशी भांडतात. म्हणून त्यांनी जोड्याच मोडल्या, आठाच्या पाच तारा केल्या आणि वाद्य विजेवर नेलं. १९९८ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. २०१४ साली गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी. संगीतकार सज्जाद हुसेन माळव्यातल्या सीतामऊचे. ते याच पडद्यांच्या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढत. मी मात्र बावीस वर्षांत एक धड मींड काढू शकलो नाही, हे जाता जाता कबूल करतो.

आणि आमचे लाडके लक्ष्मीकांत कुडाळकर! संगीतकार व्हायच्या आधी ते मेंडोलिनवाले आणि जोडीदार प्यारेलाल व्हायोलिनवाले. मेंडोलिन आणि व्हायोलिन एकाच सुरांत लागतात, बोटं त्याच जागी पडतात. ती जोडी का जमली याची शंभर कारणं लोक सांगतात. आम्हा मेंडोलिनवाल्यांना हे एक पुरतं.

म्हणून कुणी वाद्य आणलं की मी चिठ्ठी शेवटी बघतो. आधी पडदे बघतो. पोलादी तार वर्षानुवर्षं दाबली की पडद्यावर तिच्या जागी खाच पडते. मला शिकवणारे काका लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांच्या मेंडोलिनवर बारीक तारांखाली पहिल्या सात पडद्यांत कालवे खणलेले आणि जाड तारांखाली पडदे कोरे करकरीत. सगळी सिनेमाची गाणी. जाड तारांकडे काकांचं कधी कामच पडलं नव्हतं.

अमळनेरच्या पोराचं मेंडोलिन मी तसंच उजेडाकडे तिरपं धरलं. त्यात उलटं होतं. खाचा जाड तारांखाली, त्याही दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या पडद्यावर. मी विचारलं, "आजोबा भजनाला बसायचे का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खालच्या पट्टीत गाणाऱ्यांच्या मागे धरत असणार."

तो बराच वेळ त्या खाचांवरून अंगठा फिरवत बसला. मग पाचशे तरी येतील का, असं एकदा विचारून पाहिलं. मी नाही म्हटलं. चहा पिऊन, लुगड्याची गाठ मारून गेला.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, त्याचा फोन आला. मला वाटलं, कुणी गिऱ्हाईक मिळालं असेल. तर म्हणाला, "भाऊ, तारांचा सेट कितलाले येस?"