शॉब्लिन 70: जाड नट अडकण्याचं कारण सापडलं

एकदाचं सापडलं. माझ्या शॉब्लिन 70 या छोट्या लेथवर आटे पाडलेला, मागे लिहिलेला तो एम 12 × 1 चा (व्यास 12 मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर 1 मिमी) बोल्ट आठवतोय? पिच गेज (आट्यांतलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) चपखल बसायचा, पातळ नट सरसर जायचा, जाड नट मात्र दोन-तीन आट्यांतच घट्ट. तुमच्यापैकी बहुतेकांनी चेंज गिअरवर (पिच ठरवणाऱ्या बदलत्या गिअरवर) बोट ठेवलं होतं. माझाही संशय तिथेच होता.

गिअर बदलून पाहिले, बॅकलॅश (स्क्रू-नटमधला ढिलेपणा) काढला, गिब (स्लाइडचा ढिलेपणा घालवणाऱ्या पट्ट्या) आवळले. ढिम्म फरक नाही. शेवटी टॉप स्लाइडला (टूल धरून सरकणाऱ्या वरच्या भागाला) डायल गेज लावला आणि स्पिंडल हाताने थोडा थोडा फिरवत आकडे वहीत उतरवले. स्लाइडच्या स्क्रूच्या एका फेऱ्यात चूक दोनदा पुढे, दोनदा मागे! गिअर आउट (केंद्रापासून सरकलेला) असता तर त्याच्या फेऱ्याला एकदाच दिसली असती. दोनदा म्हणजे क्रॉस जॉइंटच (तिरक्या शाफ्टना जोडणारा युनिव्हर्सल जॉइंट).

मायफर्ड लेथवाल्यांसाठी सांगतो: इथे आटे पाडायला लीड स्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) नाही. गिअरमधून निघालेला, दोन क्रॉसचा, लांबी कमी-जास्त होणारा शाफ्ट थेट टॉप स्लाइडचा स्क्रू फिरवतो. शाफ्ट तिरका असला की एकटा क्रॉस कधी पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. 20 अंशांच्या तिरकेपणाला सुमारे 1.8 अंश. मधल्या शाफ्टचे दोन्ही फोर्क (क्रॉस धरणारे दुबेळके) एका पातळीत असले, तर दुसरा क्रॉस ते भरून काढतो. काटकोनात असले तर दुप्पट करतो. म्हणजे स्क्रूच्या दर 1 मिमी पिचमागे जवळपास 0.01 मिमी पुढे आणि तेवढंच मागे. नाना पेठेतला ट्रकचा मिस्त्री प्रोपेलर शाफ्ट जोडताना आधी हेच बघतो!

माझे काटकोनात होते. कुणा जुन्या मालकाने फोर्क फिरवून, नवं भोक पाडून पिन ठोकलेली. फोर्क उतरवला तर मूळ भोक काळ्या ग्रीसने बुजलेलं, पण शाबूत. बोहरी आळीत टेपर (निमुळती) पिन मागितली की आधी सरळ डॉवेल पिन पुढे येते, "हीच चालते साहेब". नाही चालत. 1:50 उताराचीच घ्या, आणि रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवा.

आता डायलची सुई जवळपास गप्प आहे. जाड नट दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला. बराच वेळ तोच खालीवर करत बसलो होतो.

पुढचं काम मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हचा अडॅप्टर. आरएमएस आटा (ऑब्जेक्टिव्हचा प्रमाणित आटा): व्यास 0.8 इंच, इंचाला 36 आटे, कोन 55 अंश. माझा स्क्रू मेट्रिक, म्हणून इंच-मिमीचा अचूक मेळ घालणारा 127 दातांचा गिअर भोसरीत कापून घेणार होतो. पण हे लिहितानाच हिशेब केला. 63 दाती गिअरने 8000त 1 इतकीच चूक येते. 5 मिमी आट्यात एक मायक्रॉनसुद्धा नाही. 127 रद्द. ते पैसे स्पिंडल हाताने फिरवायच्या हँडलवर घालतो. हाफ नट (स्क्रूपासून पटकन सुटणारा दुभंग नट) नाही, त्यामुळे प्रत्येक कटनंतर टूल बाहेर काढून सगळं उलटं फिरवत परत यावं लागतं, आणि कामाच्या खांद्याजवळ (जिथे व्यास एकदम वाढतो तिथे) मोटरच्या भरवशावर थांबणं म्हणजे टूलचा बळी. टूल मिरांडा कंपनीचं एचएसएसच (हाय स्पीड स्टील), 55 अंशांना हाताने घासून. एवढ्या हलक्या लेथवर कार्बाइडचा हट्ट मला तरी कळत नाही.