आधी अक्षर, मग रेघ

आज पहिलीच्या पोरांकडून वाक्यं लिहून घेतली. एका पठ्ठ्याने वहीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढली आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं खाली टांगली! 'आईमलापाणीदे' असं सलग. अक्षर झकास, पण शब्द कुठे संपतो ते कळेना. मग सांगितलं, आधी अक्षरं काढायची, शब्द झाला की तेवढ्यापुरतीच शिरोरेषा, आणि पुढे बोटभर जागा. बघता बघता शब्द सुटे झाले. ('ध' आणि 'भ'च्या डोक्यावरची रेघ तुटकी का, यावर मात्र अर्धा तास गेला.)

एकीने प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम दिला होता. विचारलं तर म्हणते, "बाई, मी तिथे थांबले होते ना!"