आई-बाबा हनोईला येताना: तिकिटाआधी घरमालक

हनोईत इंग्रजी शिकवत असताना नागपूरहून आई-बाबांना बोलवायचं ठरलं, की हात आधी तिकिटाकडे जातो. दोनदा हे सगळं पार पाडल्यावर मी सांगेन, पहिला फोन घरमालकाला लावा. व्हिएतनाममध्ये परदेशी माणूस कुणाच्या घरी मुक्कामाला आला, तर १२ तासांच्या आत त्याची नोंद स्थानिक पोलिसांकडे करावी लागते, आणि ती घरमालकानं करायची असते. पाहुण्यांच्या पासपोर्टचा, व्हिसाचा आणि प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो विमानतळावरूनच त्याला पाठवायचा. हॉटेलवाले ही नोंद स्वतःहून करतात. घराचं भाडं कागदावर न दाखवणारा मालक मात्र टाळाटाळ करतो. तो नुसतं ‘बघू’ म्हणाला, तर तेवढ्या दिवसांसाठी गल्लीतलं हॉटेल धरा, वाद घालू नका.

दुसरी गोष्ट आपलं वेळापत्रक. भाषाकेंद्रातले वर्ग सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी आणि शनिवार-रविवार दिवसभर असतात. घरचे शनिवार-रविवार धरून येतात आणि नेमके तेव्हाच आपण फळ्यासमोर उभे! त्यांना सोमवारी उतरवा. ‘टेत’च्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सुट्टीत बोलवावंसं वाटतं (२०२७ मध्ये तो ६ फेब्रुवारीला आहे), पण तेव्हा तिकिटं महाग आणि अर्धी दुकानं बंद. दिवाळी झाल्याबरोबरचा काळ उत्तम: हवा कोरडी, फराळ ताजा.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा आहे. एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. सरकारी संकेतस्थळावरूनच भरा, कारण तसंच दिसणारी एजंटांची पानं दुप्पट-तिप्पट घेतात. घोळ होतो तो नावात. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच ओळीत असतं. फॉर्म भरताना मधलं नाव गाळलं, की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि विमान कंपनी काउंटरवरच अडवते. चुकीचा अर्ज गेला, तर पैसे परत नाहीत. पासपोर्टच्या पानाच्या फोटोत खालच्या बाणांच्या दोन ओळी चकाकीशिवाय स्पष्ट दिसायला हव्यात. येण्याची तारीख विमान उतरण्याची टाका, निघण्याची नव्हे. रात्रीच्या विमानात इथंच फसायला होतं. व्हिसाच्या दोन छापील प्रती, परतीचं तिकीट, माझा पत्ता आणि माझ्या निवासकार्डाची प्रत एका फाइलमध्ये बाबांच्या हातात असू द्या. इमिग्रेशनला तेच विचारतात.

नागपूरहून हनोईला थेट विमान नाही. मी कोलकात्यामार्गे, एकाच पीएनआरवर काढतो. वेगवेगळी तिकिटं दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतात, पण पहिलं विमान रखडलं तर दुसरं बुडतं आणि आई-बाबा अनोळखी विमानतळावर अडकतात.

सामानात आईची यादी मोठी. सावजी मसाल्यासाठी इतवारीतून आणलेलं सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. मसाला घरीच वाटून, दोनदा पिशवीत बांधून आणायचा. देवाच्या डब्यातला कापूर आणि काडेपेटी घरीच ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणचं चेक-इनमध्ये. औषधं प्रवासाचे दिवस अधिक एक आठवडा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातच.

कुकरचं आधी बघून घ्या. इथं भाड्याच्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा इंडक्शन असतं आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का, ते नागपुरातच पाहून घ्या. मिक्सरच्या तीन पिनांसाठी अडॅप्टर लागेल. सोललेली मूगडाळ इथल्या कुठल्याही बाजारात मिळते, ती उचलून आणू नका. शाकाहाराला ‘अन चाय’ म्हणतात. ‘चाय’ पाटीच्या खानावळीत निर्धास्त जेवा. इतर ठिकाणी नुसत्या भाजीतही माशाचा सॉस, ‘नुओक माम’, पडतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला बरेच लोक शाकाहार पाळतात, तेव्हा निवड जास्त असते.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलेच, तर ‘नोम’ सांगून ठेवा. हवेतला ओलावा गार फरशीवर साचतो, भिंतींना घाम फुटतो, पापड तासाभरात वातड होतात. ‘काहून बे, पाणी कोणी सांडलं?’ हा बाबांचा पहिला प्रश्न. खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर, आणि फरशी कोरड्या फडक्यानं पुसायची. ओलं पोतेरं मारलं तर घसरण आणखी वाढते. जिना उतरताना आईचा हात धरा.

पैशांचं पहिल्याच दिवशी शिकवा. एका रुपयाला साधारण ३०० डोंग. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळ्या. पहिलीचे सत्तरेक रुपये, दुसरीचे दीड हजारांवर. रिक्षावाल्याला देतात तशी घाईत नोट पुढे करायची नाही, शून्यं मोजायची. मी ५ लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवायला लावतो आणि बाजारात जाताना ते पाकीट घरीच.