स्टार्टर पॅनेलच्या शेडमधलं रोबोटचं टेबल

आमचा मूळ धंदा बोअरच्या मोटारींचे स्टार्टर पॅनेल बनवण्याचा. लातूरला पत्र्याचं शेड, हाताखाली चार माणसं. 2016 च्या उन्हाळ्यात धंदा पार बसला, कारण बोअरलाच पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तो उन्हाळा गावातलं लहान पोरही विसरलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी शेडचा एक कोपरा मोकळा करून मुलांची पहिली रोबोट टीम बसवली. फर्स्ट लेगो लीग म्हणजे लेगोचे रोबोट बनवून उतरायची शाळकरी मुलांची स्पर्धा. तिचा त्या हंगामाचा विषय निघाला पाणी! माणूस ते कुठून आणतो, कसं पोचवतो, कसं वापरतो आणि शेवटी सोडतो कुठे. आमच्या पोरांना त्यासाठी पुस्तक उघडावं लागलं नाही. घरच्या आरओमधून वाया जाणारं पाणी त्यांनी आठवडाभर बादलीने मोजलं आणि ते धुण्याभांड्याला वळवायची सोय प्रकल्प म्हणून मांडली.

स्पर्धेत रोबोट ज्यावर चालतो ते टेबल सोपं. आठ बाय चारच्या प्लायला कडेने पट्ट्या ठोकल्या, सुताराने एका दुपारी उरकलं. अवघड होती त्यावरची अडीच मिनिटं. तेवढ्यात रोबोटने आपल्या आपण कामं करायची, टेबलापाशी एका वेळी दोघंच, आणि बेसबाहेर, म्हणजे टेबलावरच्या त्याच्या निघायच्या जागेबाहेर, त्याला हात लागला की गुण जातात.

पहिल्या स्पर्धेत आम्ही आपटलो. प्रोग्रॅम होता ‘पूर्ण वेगाने इतके सेकंद जा’. शेडमध्ये भरलेल्या बॅटरीवर नेमका चालायचा. तिथे तिसऱ्या फेरीपर्यंत बॅटरी उतरली आणि रोबोट वीतभर अलीकडेच थांबला. चूक माझी, मीच तसं शिकवलं होतं. परत आल्यावर आठवीतली एक मुलगी पट्टी घेऊन बसली. चाकाचा व्यास 5.6 सेंटिमीटर, म्हणजे चाक एकदा फिरलं की रोबोट 17.6 सेंटिमीटर जाणार. तेव्हापासून सेकंद सोडले, चाकाचे फेरे मोजायला लागलो. मध्येच रोबोट मागे पट्टीला टेकवून सरळ करायचा आणि प्रत्येक फेरीआधी टायर ओल्या फडक्याने पुसायचे, हेही ठरलं. आमच्याकडच्या धुळीत ते फडकंच सगळ्यात कामाला आलं.

पालक विचारतात, “दहावीला याचे मार्क धरतात का?” लातूर पॅटर्नच्या गावात हा प्रश्न येणारच. मी सरळ नाही म्हणतो आणि त्यांना एक रविवार बसून बघा म्हणतो. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा इथे दुसऱ्याचा हात धरून म्हणतो, “थांब, गिअर उलटा बसलाय.” या स्पर्धेत टीम एकमेकांशी कशी वागते हेसुद्धा परीक्षक तपासतात. शिकवणीला एकेकटं जाणाऱ्या आमच्या मुलांना त्याची फार गरज आहे, असं मला मनापासून वाटतं.

कोरोनात दोन वर्षं टेबल भिंतीला उभं होतं. आता तीन टीम आहेत. नव्याने सुरू करणाऱ्यांना सांगतो, चार-सहा मुलं घ्या, निम्म्या मुली घ्या, आणि पहिला महिना स्पर्धेचं नावच काढू नका. रोबोट फक्त सरळ चालवून दाखवा म्हणावं, त्यातच महिना जातो.

येत्या जूनपासून दर शनिवारी औसा आणि निलंग्याच्या शाळांत जायचं ठरलंय. टेबल छोट्या टेम्पोत मावावं म्हणून मधून कापून बिजागऱ्या लावून घेतल्या. सांध्यावर चाक अडखळतंय, ते घासायचं काम सध्या चालू आहे.