पावसाळ्यात स्ट्रॅटचे इंटोनेशन: सहाव्या तारेपर्यंतची नोंद

पाऊस स्थिरावल्यावर माझ्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारचे इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) स्वर सुरात यावा यासाठीची जुळणी, मी हाती घेतले आहे. त्याआधी ०.०१० ते ०.०४६ इंची नव्या तारा चढवल्या, ट्रस रॉडने (मानेच्या आतल्या सळईने) नेकचा, म्हणजे मानेचा, बाक आठव्या फ्रेटपाशी ०.२५ मिलिमीटरवर आणला आणि बाराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिलिमीटर ठेवली. हा क्रम मोडता येत नाही, कारण उंची बदलली की तार दाबताना पडणारा ताणही बदलतो आणि सॅडलची, म्हणजे ब्रिजवर (घोडीवर) प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या सरकत्या तुकड्याची, जागा नव्याने शोधावी लागते. नागपुरात ऋतूचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा बाहेरची हवा अगदी कोरडी असते, पण कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा दमट होते. कूलर बंद होताच तीच खोली पुन्हा कोरडी पडते आणि नेकचा बाक त्याबरोबर हलत राहतो. म्हणून उन्हाळ्यात मी फक्त बाक तपासतो, सॅडलना हात लावत नाही.

या गिटारची स्केल लांबी (मोकळ्या तारेची मूळ लांबी) ६४८ मिलिमीटर आहे आणि नटपासून (नेकच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर तिच्या निम्मे, म्हणजे ३२४ मिलिमीटर आहे. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. ही चढ भरून काढण्यासाठी सॅडल थोडे मागे, म्हणजे नेकपासून दूर, घेऊन तारेची लांबी वाढवावी लागते. किती मागे, हे तारेच्या एकूण जाडीपेक्षा तिच्या आतल्या पोलादी गाभ्यावर अधिक अवलंबून असते. त्यामुळे पहिल्या, सर्वांत बारीक तारेपासून तिसरीपर्यंत सॅडल क्रमाने मागे जातात, चौथ्या तारेला एकदम पुढे येतात आणि तिथून सहावीपर्यंत पुन्हा मागे सरकतात. माझी तिसरी तार ०.०१७ इंची साधी आहे, तर चौथी गुंडाळलेली असल्याने जाड दिसूनही तिचा गाभा बारीक आहे. सहाही सॅडल एका सरळ तिरक्या रेषेत दिसत असतील, तर तिसऱ्या तारेचे मोजमाप पुन्हा घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि त्याच जागेचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) यांची तुलना मी ट्यूनरवर करतो. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी मोकळी तार पुन्हा सुरात लावूनच पुढचे मोजमाप घ्यायचे. या लांबीवर सॅडल १ मिलिमीटर हलवले की दोन्ही स्वरांतला फरक सुमारे २.७ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बदलतो, त्यामुळे स्क्रू किती फिरवायचा याचा अंदाज आधीच बांधता येतो. गिटार मांडीवर, वाजवताना असते तशी धरावी आणि बोटाचा दाबही नेहमीचाच असावा. टेबलावर आडवी ठेवून घेतलेले मोजमाप मला भरवशाचे वाटत नाही. बारावा फ्रेट जुळूनही पहिले दोन-तीन फ्रेट चढे लागत असतील, तर बहुधा नटच्या खाचा उंच असतात आणि तो दोष ब्रिजवर दुरुस्त होत नाही.

सर्व तारा जुळल्यावरही गिटारवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढाच राहतो. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट समविभागी (बारा समान अंतरांच्या) सप्तकासाठी पक्के बसवलेले असतात; हा फरक सॅडलने घालवण्याच्या प्रयत्नात इतर स्वर बिघडतात.

आता पाच तारांचा फरक १ सेंटच्या आत आला आहे. सहावी तार अधिक चढी होती आणि तिचा स्वर डगमगतही होता, म्हणून नेकजवळचा पिकअप (तारेचे कंपन टिपणारा चुंबकी भाग) खाली घेतला. चुंबकाची ओढ कमी होताच डगमग थांबली, पण २ सेंटांची चढ उरली. तिच्या सॅडलमागची स्प्रिंग पूर्ण दबल्यामुळे सॅडल आणखी मागे जात नाही. ती काढून दोन वेढ्यांनी आखूड करायची आणि मग याच तारेचे मोजमाप पुन्हा घ्यायचे, हे पुढचे काम आहे.