हळदीचं अस्वल

विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ची पहिली आवृत्ती मी सहा वर्षं शोधतेय. १९६१ सालची. मुलांसाठीच्या कवितांचं हे त्यांचं पहिलं पुस्तक. पुढच्या आवृत्त्या मिळतात, पहिली काही केल्या हाती लागत नाही. मुलांची पुस्तकं टिकतातच कुठे! पिना गंजतात, पानं धाकट्या भावंडाच्या तावडीत सापडतात आणि उरलंसुरलं किलोच्या भावाने रद्दीत जातं. त्यामुळे “गावभागात एका आजींकडे आहे म्हणे,” असा सांगलीच्या मैत्रिणीचा फोन आला आणि मी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली.

आजींनी चारला बोलावलं होतं. मधल्या वेळात हरिपूरला जाऊन आले. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, ‘शारदा’ लिहिणाऱ्या देवलांचं हे गाव. इथे जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायचे. वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली. पुस्तकांचं मात्र उलट असतं. त्यांना हवा लागते. बंद कपाटात कोंडली की बुरशी धरतात.

आजींनी दार उघडलं ते बोलतच. “या, बसा. पण आधीच सांगते, तुमची निराशा होणार.”

भिंतीवर छातीच्या उंचीला मळकट रेघ होती. २०१९ चा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आजी लेकीकडे विश्रामबागला होत्या. परतल्या तेव्हा कपाटाचे खालचे कप्पे गाळाने भरलेले. मुलांची पुस्तकं खालीच असायची, नातवंडांचा हात पोचावा म्हणून.

त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वीटच माझ्या हातात ठेवली. चारपाच पुस्तकं वाळून एकजीव झालेली. सगळ्यात वर ‘राणीची बाग’, आणि गाळाच्या डागाखाली ‘पहिली आवृत्ती’ ही अक्षरं स्पष्ट. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आजींनी ते बघितलं असावं. वरच्या कप्प्यातून त्यांनी निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक काढलं. “इंग्रजी चालतं का तुम्हाला? सासऱ्यांचं आहे. विलिंग्डन कॉलेजात शिकवायचे.”

ए. ए. मिल्न यांचं मुलांच्या कवितांचं पुस्तक, ‘व्हेन वुई वेअर व्हेरी यंग’! चित्रं ई. एच. शेपर्ड यांची. लंडनच्या मेथ्युएनने ६ नोव्हेंबर १९२४ ला काढलेलं. पहिल्या छपाईत सुरुवातीच्या पानांच्या रोमन आकड्यांमधला नऊ छापायचा राहिला होता, जाणकार तीच खूण बघतात. इथे नऊ होता, म्हणजे प्रत नंतरची. पण शेपर्डची रेघ तीच. ही चित्रं चौकटीत बसत नाहीत. ओळींच्या मधून, कडेने, कवितेला जागा करून देत पानभर फिरतात.

‘टेडी बेअर’ ही कविता उघडली आणि थांबलेच. अस्वलाचं पोट पिवळंधमक. कान लाल.

“ह्यांनी रंगवलंय,” आजी म्हणाल्या. “पाच वर्षांचे होते. पोटाला हळद. आणि कानाला हळदीवर सासऱ्यांच्या पानाच्या डब्यातला चुना. कुंकू करतात तसं. मार खाल्लेला त्यापायी.”

पोटावर बोटाचा ठसा अजून दिसतो. एवढुसं बोट. पिवळा रंग रेघेच्या बाहेर गेलाय, पण डोळ्यांचे दोन ठिपके त्या मुलाने जपून मोकळे ठेवलेत. संग्राहकांच्या बाजारात अशी प्रत खराब म्हणून बाजूला पडते. मी कोऱ्या प्रती पाहिल्या आहेत, त्यातल्या एकीनेही मला असं धरून ठेवलेलं नाही.

“हे नाही हं देणार,” आजी म्हणाल्या.

“मी मागणारच नव्हते, आजी.”

“ती वीट न्या. सुटली तर सुटली. आणि सुटली की मला वाचून दाखवायला यायचं.”

गुळगुळीत आर्ट पेपर भिजून चिकटला की संपलंच. हा कागद खडबडीत आहे, म्हणून आशा. रोज रात्री ओलसर टिपकागदात ठेवते आणि सकाळी बांबूच्या पातळ पट्टीने कोपऱ्यापासून हळूहळू सोडवते. घाई केली की अक्षरं पलीकडच्या पानावर जातात, तशा दोन ओळी गेल्या.

आजवर अकरा पानं सुटली आहेत. पुढच्या रविवारी तेवढी घेऊन सांगलीला निघालेय.