हो, लालबागची. हो, पाहिलाय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी 'हो, थोडंफार तसंच' म्हणून चहा टाकायला उठते. बँकेत कोणी बदलून आलं, सोसायटीत कोणाची नवी ओळख झाली, की चौथ्या-पाचव्या वाक्याला येतंच: 'तुम्ही मूळच्या लालबागच्या ना? मग तो पिक्चर पाहिलात? खरंच तसं होतं?' हिंदीत विचारणारेही आहेत, कारण महेश मांजरेकरांनी 2010 साली तो दोन्ही भाषांत काढला, मराठीत 'लालबाग परळ' आणि हिंदीत 'सिटी ऑफ गोल्ड'. त्यात गिरणी बंद पडते, धुरींच्या घरातली मुलं मोठी होता होता एकेक दिशेला फेकली जातात, त्यातला नरू एका भाईच्या टोळीत जातो. पुढे 2022 च्या जानेवारीत त्यांचाच, गिरणगावातल्या दोन पोरांवरचा दुसरा सिनेमा आला. ट्रेलरवरूनच गदारोळ उठला, तो राष्ट्रीय महिला आयोगापर्यंत गेला, आणि माझी चौकशी नव्याने सुरू झाली.

विचारणारे दोन जातींचे. एक आवाज खाली आणतात, भेटायला आल्यासारखे. दुसऱ्यांचे डोळे चमकतात. मला दुसरे परवडतात. त्यांना निदान नक्की काय हवंय ते कळतं.

बरं, उत्तर. होतं. भायखळ्याला अरुण गवळीच्या टोळीची दगडी चाळ होती, तिचं नाव घरात हळू आवाजात घ्यायचे. त्याच टोळीचा रमा नाईक 1988 मध्ये मारला गेला तेव्हा आमच्या नाक्यावरची दुकानं बंद झाली होती, आणि आम्हाला गॅलरीतून आत ओढलं होतं. 1994 मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला गोळ्या घातल्या. 1997 च्या जानेवारीत गिरणी संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांना पवईला मारलं, त्या दिवशी माझे वडील जेवले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना पंधरा वर्षं शिव्या दिल्या होत्या, तरी जेवले नाहीत. हे सगळं खरं आहे, पेपरात आलेलं आहे, मला विचारायची गरज नाही.

पण तुमच्या 'खरंच तसं होतं का'मध्ये एक हिशेब दडलेला असतो, आणि तिथे माझं डोकं फिरतं. 18 जानेवारी 1982 ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, म्हणून त्यांची पोरं गुंड झाली. झालं, सुटलं गणित. अहो, मटक्याचे अड्डे, हातभट्टी, नाक्यावरचे दादा हे सगळं संपाआधीपासून होतं. फरक पडला तो वेगळ्याच जागी. पूर्वी पोरगा अठरा वर्षांचा झाला की बाप मुकादमाला धरून त्याला बदलीत लावायचा. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. दादागिरी करणाऱ्या पोरालाही सकाळी त्या गेटवर उभं राहावं लागायचं. ते गेट बंद झालं. आणि तरीही आमच्या मजल्यावरची बहुतेक पोरं कुठल्याही भाईकडे गेली नाहीत. कोणी कुरियरच्या पिशव्या वाहिल्या, कोणी हिऱ्यांच्या कारखान्यात घासायला बसला, कोणी पाट्या रंगवल्या, एकाने आयुष्यभर काहीच केलं नाही, नुसता कॅरम खेळला. कॅरम खेळणाऱ्यावर सिनेमा निघत नाही, हे मला कळतं. त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

तक्रार नाही म्हणते, आणि होतेच आहे. असो.

आईची खाणावळ होती. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-बावीस मेंबर पाळीप्रमाणे जेवून जायचे, कोकणातले, घाटावरचे, बायकापोरं गावाला असलेले. संप सुरू झाल्यावर ते 'दोन महिन्यांत मिटेल, मावशी' म्हणून गावाला गेले. त्यांचे ताट-वाटी-पेले पोटमाळ्यावर होते, ते आईने कितीतरी वर्षं मोडीत काढले नाहीत. संप कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे नक्की कोणत्या तारखेला मोडीत काढायचे हेही तिला कोणी सांगितलं नाही. संप कसा चालतो हे मला विचाराल तर मी हे सांगेन. कोणी विचारत नाही. तुम्ही पोरांचं विचारता, रक्ताचं विचारता.

जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक मी सिनेमाच्या आधी, नव्वदीच्या शेवटी दादरला पाहिलं होतं. सिनेमा त्याच नाटकावरून. नाटकात सगळं एका खोलीत घडतं, बाहेरचं जे काही असेल ते दारातून आत येतं. नाट्यगृहात चिटपाखरू हललं नव्हतं. ज्योती सुभाष समोर होत्या आणि माझ्या शेजारची बाई पदर तोंडात धरून बसली होती. म्हणून सिनेमा आला तेव्हा मीच उत्साहाने घरच्यांना काढलं. भारतमातालाच बघायचा, दुसरीकडे नाही, असा हट्टही माझाच. गिरणीच्या जागेतलं थिएटर, आमच्या चाळीपासून चालत पाच मिनिटं. आई, दादा, मी आणि माझा नवरा. नवरा विलेपार्ल्याचा. लग्नाला दहा वर्षं झाली होती तरी लालबाग म्हणजे त्याच्यासाठी गणपती आणि मसाला.

थिएटर भरलेलं होतं आणि पुढच्या रांगांत सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. सिद्धार्थ जाधव पडद्यावर आला आणि सगळे हसायला लागले, कारण तोपर्यंत तो दिसला की हसायचं ही सवय. तो अडखळत बोलतो, त्याचं नाव स्पीडब्रेकर, पोरं आणखी हसली. मग त्याच्या हातात हत्यार आलं. मला वाटलं, आता गप्प होतील. शिट्ट्या सुरू झाल्या. एकेका वाराला शिट्टी. नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, 'असंच होतं?' तो पहिला. त्यानंतर तुम्ही सगळे.

दादा माझ्या डाव्या हाताला बसलेला. त्याच्याकडे मी बघितलंच नाही, बघवलं नाही म्हणा. त्याचा शाळेपासूनचा मित्र आमच्याच नाक्यावर मारला गेला होता, आणि दादाच्या समोर त्याचं नाव आम्ही घरात काढत नसू. आई शांत होती. मध्यंतरात तिने एवढंच म्हटलं, 'त्या बाईला रडायला वेळ कसा मिळतो गं?'

सुटल्यावर बाहेर आलो. तेव्हा लालबागच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं, सगळीकडे पत्रे, धूळ, त्यामुळे फुटपाथच्या एका पट्टीवर सगळी गर्दी अडकली. आमच्या मागे तीच पोरं. एकाने दादाला विचारलं, बहुतेक त्याच्या चेहऱ्यावरून: 'काका, तुम्ही इथलेच ना? तेव्हाचे? खरंच असं होतं?'

मला वाटलं आता हा एक ठेवून देणार. दादा थांबला. पत्र्याला टेकला. आणि सांगायला लागला.

मी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गाडी कुठून आली, कितीजण उतरले, कोण पुढे होता. 'चॉपर का घोडा?' एकाने विचारलं, घोडा म्हणजे पिस्तूल. 'आधी घोडा,' दादा म्हणाला, 'मग चॉपर.' पोरं आणखी जवळ सरकली. तो हाताने जागा दाखवत होता, हा पानवाला, ही टपरी, इथे मी. 'माझ्या मांडीवर गेला तो,' म्हणाला. एका पोराच्या तोंडून नुसतं 'आयला' निघालं.

त्या संध्याकाळी दादा रॉकेलच्या रांगेत होता. मी त्याच्याबरोबर होते, डबा माझ्या हातात होता. रेशन दुकानासमोरच्या रांगेत कोणीतरी धावत येऊन सांगितलं आणि रांग मोडली नाही, हे मला पक्कं आठवतं, कारण रॉकेल आठवड्यातून एकदाच यायचं. आम्ही डबा भरून घरी गेलो. आईने दार लावलं. मित्र केईएममध्ये दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी गेला, तेव्हा दादा गावाला होता, संगमेश्वरजवळ, आजीकडे, कारण आईने त्याच रात्री त्याला एसटीत बसवून दिलं होतं. तो दवाखान्यात गेला नाही. स्मशानात नव्हता. वर्षभराने परत आला, तेव्हा मिसरूड जाऊन मिशी आली होती.

आणि मी पत्र्याशेजारी उभी राहून हे 'मांडीवर गेला' ऐकत होते. आईसुद्धा ऐकत होती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घरी गेल्यावर भाताला पाणी ठेवता ठेवता म्हणाली, 'पोरांना सांगू नये असलं. नाद लागतो.' दादाला एक शब्द नाही.

तेव्हा मला भयंकर राग आला होता. जे आपल्याला झालं नाही ते कशाला अंगावर घ्यायचं? ज्याची आई त्या दोन दिवसांत केईएमच्या पायऱ्यांवर बसली होती, तिच्या वाट्याचं उचलून सिनेमाच्या दारात वाटायचं? त्या शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना? 2010 ची मी हे सगळं अजूनही तावातावाने म्हणेन, आणि तिचं खोडून काढायला माझ्याकडे फार काही नाही.

फार नाही, थोडं आहे. दादाला वीस वर्षांत त्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. आम्ही तर नव्हतंच, आम्ही नाव टाळण्यात पटाईत. एका सोळा वर्षांच्या पोराने विचारलं, आणि तेही एक मोठा सिनेमा बघून, ज्यात नाक्यावरचा प्रत्येकजण काहीतरी करतो, मारतो नाहीतर मरतो. रॉकेलच्या रांगेत कोणी उभं नसतं. त्याने त्या गोष्टीत स्वतःला कुठे उभं करायचं होतं? डबा धरून? सिनेमाने त्याला जागा दिली ती एवढीच, मांडीची.

यावर 2010 ची मी म्हणते, मग गप्प बसायचं. बरोबर आहे. गप्प बसता येतं. मी बसलेच की.

कारण खरं प्रकरण पुढे आहे. टॅक्सीत बसल्यावर नवरा म्हणाला, 'तुझ्या दादाने एवढं बघितलंय, आणि तू दहा वर्षांत कधी बोलली नाहीस?' त्याचा आवाज भरून आला होता. दादाबद्दल त्याला इतकी आस्था मी कधी पाहिली नव्हती. लग्नापासून तो त्याला 'तुझा भाऊ' म्हणायचा, त्या दिवसापासून 'दादा' म्हणायला लागला. आता सांगा, मी तिथे 'नाही रे, तो रांगेत होता' म्हणायला हवं होतं? काहीजण म्हणतील हो. म्हणा. मी नाही म्हटलं, आणि ते मला आजही चूक वाटत नाही. मात्र आता तो जिथे जेवायला जातो तिथे ती गोष्ट सांगतो. 'हिच्या भावाच्या मांडीवर मित्र गेला.' मग ताटं थांबतात, माना माझ्याकडे वळतात आणि कोणीतरी विचारतं, 'खरंच तसं होतं?' म्हणजे तुम्ही मला जे विचारता त्यातलं निम्मं माझ्याच घरातून बाहेर पडलेलं असतं. मी वैतागते ते तुमच्यावर, आणि तुमचा दोष निम्माच.

आता हे वाचून नवऱ्याला कळेल. कळू दे. 'म्हणजे दादाने थाप मारली?' असं तो विचारेल, तर त्याचंही उत्तर माझ्याकडे धड नाही. मित्र होता, नाका होता, पानवाला तिथेच होता. हत्यारांचा क्रम दादाला कसा माहीत, हे मी कधी विचारलं नाही. गावाहून आल्यावर त्याने कोणाकोणाला गाठून एकेक तपशील गोळा केला असणार, असं मला हल्ली वाटतं. नसेलही. कदाचित कुठल्या दुसऱ्या सिनेमातला असेल.

'आमची बदनामी केली' म्हणणारेही चाळीत होते, त्यांच्यात मी कधी गेले नाही. त्या सिनेमातल्या धुरींच्या मुलीवरून, मंजूवरून, खालच्या मजल्यावरच्या एका काकूंनी, 'आमच्या मुली अशा नव्हत्या' असं ठासून सांगितलं होतं. मुली तशाही होत्या आणि अशाही होत्या, काकूंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांबद्दलही तेच. मल्टिप्लेक्समध्ये हाच सिनेमा बघून 'किती डिस्टर्बिंग' म्हणत पार्किंगकडे जाणाऱ्यांपेक्षा ती पोरं वाईट होती, असं मला म्हणवत नाही. त्यांनी निदान थांबून विचारलं. आणि विचारलं म्हणूनच तर सगळं झालं, हेही खरं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला हो. नरूसारखी मुलं होती. दादासारखी जास्त होती. याहून नेमकं मला सांगता येत नाही, आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं तर मी परत 'थोडंफार तसंच' म्हणून उठेन.

म्हाडाच्या घरांचं विचारायचं असेल तर मात्र बसा. 2012 च्या जूनमध्ये गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत निघाली, अर्ज होते लाखावर, त्यात वडिलांचाही एक. वडील गेले, वारस म्हणून आईचं नाव लावायचं आहे, आणि त्यासाठी कोणकोणते कागद कितीदा मागितले यावर मी तासभर बोलू शकते. त्यात गोळीबार नाही.